वेटिंग गढूळ झालं तो दिवस

माझ्या सासूबाईंची बोटं सोड्याने खाल्ली होती. आमचं घर मोहाडीकडच्या एका गावात, कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्यांचं. रानातून आलेले टणक कोसे धुण्याच्या सोड्यात उकळून मऊ करायचे आणि त्यातून धागा ओढायचा, हे काम बायकांचं. चाळीस वर्षं तेच करून त्यांच्या बोटांना अशा भेगा पडल्या होत्या की ओढता ओढता धागा त्यात अडकून तुटायचा. त्या गाठ मारायच्या आणि पुढे ओढायच्या. त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. त्यांच्या या सोसण्याचा राग मलाच यायचा.

मी मॅट्रिक झालेली सून, म्हणजे जरा शेफारलेलीच. ऐंशी सालाच्या पुढेमागे विणकरांच्या सोसायटीत एक घट्ट, पिवळसर औषध यायला लागलं. डब्यावर इंग्रजीत ‘नॉनआयोनिक’ असं काहीतरी छापलेलं असे. आम्ही त्याला ‘वेटिंग’, म्हणजे भिजवणारं, म्हणायचो. दिसायला तेल, पण तेल नव्हे आणि साबणही नव्हे. साध्या पाण्यात कोसा तासन्तास तरंगत राही. झाकणभर वेटिंग घातलं की पाणी आत शिरून तो गपकन बुडे, आणि मग सोडा निम्माच लागे. मी हट्टाने तो डबा घरात आणवला.

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोळ्यांत तो खुपत होता. एक गंज, म्हणजे पातेलंभर कोसे, जरी नासला तरी डबा उकिरड्यावर जाईल, असं त्यांनी बजावलं होतं. डबा गेला की सासूबाईंचे हात पुन्हा पुऱ्या सोड्यात, हे मी मनाशी समजून होते.

वेटिंगचे नखरे मी हळूहळू शिकले. ते कोमट पाण्यात थोडं थोडं ढवळत घालायचं; उलट वेटिंगवरच पाणी ओतलं तर चिकट गोळे होत आणि काही केल्या विरघळत नसत. थंडीत ते तुपासारखं थिजे, मग डबा उन्हात ठेवायचा. जमिनीवर सांडलं तर आधी राख टाकायची, नाहीतर कुणाचं तरी कंबरडं मोडायचं. दोन महिने सारं सुरळीत चाललं.

आमच्याकडे पाळी आलेल्या बाईने चार दिवस बाजूला बसायचं आणि कोशाच्या चुलीकडे फिरकायचंही नाही, अशी रीत. विटाळाने कोसा नासतो म्हणत. त्या दिवशी सकाळीच माझी पाळी आली आणि मी ते लपवलं. मी बसले असते तर गंज सासूबाईंनी चढवला असता, आणि माझ्या निम्म्या मापावर विश्वास नसल्याने त्यांनी सोडा पुरा टाकला असता. मी गुपचूप पाणी कोमट केलं, वेटिंग घातलं, कोसे बुडवले आणि शेजारणीशी गप्पा मारत बसले. गप्पांच्या नादात जाळ वाढला. वळून पाहते तर मघाचं नितळ पाणी पांढरंफट्ट, नासल्या दुधासारखं. माझं मॅट्रिक तिथेच संपलं. हे माझ्यामुळेच झालं, असं मला अगदी आतून वाटलं.

सासूबाई आल्या. त्यांनी गंजात पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुले बाजूले बसाचं होतं ना आज?”

मी होकाराची मान हलवली. त्यांनी चुलीतली लाकडं मागे ओढली. तेवढ्यात मामाजी आले आणि गंज बघून जागीच थांबले. मी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, “माह्याच हातानं सोडा जास्त पडला.”

चाळीस वर्षांत त्यांच्या हातून चिमूटभर सोडा इकडचा तिकडे झाला नव्हता. मामाजी म्हणाले, कारण काही असो, संध्याकाळी डबा फेकतो. आणि मागावर जाऊन बसले. मला रडू आवरेना. सासूबाईंनी पदराने माझे डोळे पुसले, घाबरू नको म्हणाल्या. त्या माउलीवर मी तोवर मनात किती वेळा चिडले होते, ते आठवून मला आणखी रडू आलं.

मग मला डब्यासोबत आलेला इंग्रजी कागद आठवला. शहाणपणाच्या भरात मी त्यातलं माप तेवढं वाचलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पाणी फार तापलं तर गढूळ दिसेल, निवलं की पुन्हा नितळ होईल, औषध बिघडत नाही. मी तीनदा वाचलं, मग मराठीत सांगितलं. आम्ही दोघी गंजापाशी बसून राहिलो. हळूहळू पाणी निवळलं आणि तळाचे कोसे एकेक करून दिसू लागले. मग नेहमीसारखा सोडा घालून, उकळी न आणता, मंद आचेवर शिजवल्यावर धागा असा सुटला की सासूबाईंनी मामाजींनाच हाक मारली. त्यांनी हातभर धागा ओढून पाहिला आणि ते मागावर परतले. डबा राहिला.

मी हरखून गेले. हा विटाळ नव्हताच, नुसता जाळ जास्त झाला होता, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत सुटले. धागा ओढता ओढता त्या थांबल्या.

“मंग मी एवढे वर्स कायले बसली व बाजूले?”

मी हातातला कागद घडी घालून ठेवला.

“माय माही मेली तवा मी बाजूलेच होती,” त्या म्हणाल्या. “तिले हात नाही लावू देल्ला मले.”

एवढं बोलून त्यांनी पुढचा कोसा उचलला.