शेवटची गाठ आधी
डब्याची भाजी करताना बोटाला हळद लागली आणि आमचं कंकण सोडणं आठवलं. बी.एस्सी.चा गणिताचा पेपर तोंडावर असताना माझं लग्न उरकलं होतं, आणि सासरी पेपरचं नाव काढायचा मला धीर होत नव्हता. शिक्रापूरच्या त्या अंगणात आम्हाला पाटावर बसवलं. माझ्या डाव्या मनगटावरचं हळकुंडाचं कंकण नवऱ्यानं एका हातानं सोडायचं होतं, आणि करवलीनं मुद्दाम गाठीवर गाठ मारलेली. हे आपले तळाच्या गाठीशीच झोंबत होते, बायका हसत होत्या. न राहवून मी म्हणाले, "शेवटी मारलेली गाठ आधी सोडा. एकावर एक लावलेल्या फंक्शन्सचा इन्व्हर्स असाच काढतात, शेवटचं आधी उलटवून." गाठी भराभर सुटल्या. सासूबाईंनी विचारलं, "ह्ये कुठं शिकलीस गं?" "पेपरला आहे," मी चाचरत म्हणाले. "कवा हाय पेपर?" "सोमवारी." त्यांनी सुटलेलं हळकुंड ओच्यात टाकलं. "मग पूजा मागनं घालू. शेवटचं आधी म्हणतीस न्हवं? पेपर दिऊन ये." आता बारावीला हेच गणित शिकवते. फळ्यावर इन्व्हर्स काढताना एफ आणि जी या फंक्शन्सची जागा बदलली, की अजून माझं डावं मनगट हलकं होतं.