पेपराने गाळलेला ससा

एका वर्तमानपत्राने मला फसवलं, मी एका भंगारवाल्याला फसवायला गेलो, आणि या व्यवहारात लुबाडली गेली ती माझी आई.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही घाटकोपरला राहायचो. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या घेऊन विकायचा माझा धंदा. तो मी शून्यातून उभा केला, असं मी सगळ्यांना सांगतो. (खरं तर आईच्या टोपातून.) वडील गेल्यावर आईने गिरणीतल्या कोकणी माणसांची खानावळ चालवून मला वाढवलं, आणि ते सगळं जेवण एका अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात शिजलं. आमच्याकडे या धातूला जर्मन म्हणतात. टोपाला पोचे इतके की त्यात सपाट जागा शोधावी लागे. गिरण्या थंडावल्या, खानावळ मिटली, तरी रविवारचं बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिरफळं घातलेलं आंबट-तिखट कालवण, आई त्यातच करायची.

अशाच एका रविवारी सकाळी पेपरात चौकट आली: ‘अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात शिजवाल, तर सारं विसराल! शास्त्रज्ञांचा इशारा.’

मला आधी आई आठवली. आदल्याच दिवशी आईने मला एकच प्रश्न तीनदा विचारला होता. (मी तिन्ही वेळा उत्तर दिलं नव्हतं, ही बाब तेव्हा मला महत्त्वाची वाटली नाही.) आणि ही काळजी पुरती करायच्या आत डोक्यातला व्यापारी जागा झाला. उद्या सगळी मुंबई ही भांडी विकायला काढणार, भाव पडणार, म्हणजे टोप आजच गेला पाहिजे.

बायको म्हणाली, “अहो, आधी बातमी नीट वाचा तरी.”

“वाचली.”

“चारच तर ओळी आहेत.”

“मी चाळीस दारांचा सौदा याहून कमी वाचून करतो.”

आई देवळात गेली होती. मी टोप गोणीत घातला आणि थेट गोवंडीला भंगारवाल्याकडे. त्याने मराठी पेपर वाचला नसणार, याचा मला भयंकर आनंद झाला होता. तो टोप उलटासुलटा करत म्हणाला, “सेठ, इतना मजबूत बर्तन है. काय को बेचता है?”

“घर में जगा नहीं.”

तासभर घासाघीस केली. शेवटी तो कंटाळला आणि मी मागितला तो भाव मिळाला. येताना स्टीलचं चकचकीत पातेलं घेतलं आणि लग्न जमवून आल्यासारखा घरात शिरलो.

आई मोरीजवळ बांगडे साफ करत होती. “बाबल्या, माझो टोप खंय गेलो?”

मी बातमी वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकली.

“ता अ‍ॅल्युमिनियम वायट असात रे. माझो टोप जर्मनचो आसा.”

त्या दिवशी तिखलं पातेल्याच्या बुडाला लागलं. पुढच्या रविवारी पुन्हा लागलं. तिसऱ्या रविवारी आईने बांगडे तळले आणि तिखल्याचा विषय संपवला.

वरच्या मजल्यावर कर्णिकबाई राहायच्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मी त्यांना मोठ्या अभिमानाने कात्रण दाखवलं. त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयातून मूळ लेख शोधून आणला आणि जिन्यातच मला थांबवलं.

“अहो परब, हा प्रयोग सशांवर झालाय. त्यांच्या मेंदूत सुईने अ‍ॅल्युमिनियमचा क्षार टोचला होता.”

“आणि स्वयंपाक?”

“सशांनी केला नाही. भांड्यांचा यात शब्दही नाही. उलट शेवटी लिहिलंय की, यावरून माणसांबद्दल इतक्यात काही ठरवू नये.”

मी तसाच गोवंडीला पळालो. भंगारवाल्याने हात झटकले. “वो तो कब का गल गया, सेठ. अब तक किसी का नया डब्बा बन गया होगा.”

मग मी पेपरच्या कचेरीत गेलो. उपसंपादक चहा पीत होते. ससा कुठे गेला, असं विचारल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

“बातमी मोठी होती हो. खाली कुकरची जाहिरात आली, म्हणून शेवट कापला.”

“आणि भांडी कुठून आली?”

“वाचकांना काहीतरी घरातलं लागतं ना.”

मी खुलाशासाठी पहिल्या पानावर तेवढीच चौकट मागितली. ते आतल्या पानावर आले. मी टेबलावर हात आपटला, ते वाचकांच्या पत्रांवर आले. आयुष्यभर लोकांना भावात खाली आणणारा मी, पण शेवटी दोन ओळींवर सौदा ठरला. त्या छापल्या ‘हरवले-सापडले’ या सदराच्या खाली. त्यातही ससा नव्हताच.

आई पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि काहीही विसरली नाही. कोणाला आंबट कमी लागायचं, कोणाला डोक्याचा तुकडा हवा असायचा, खानावळीतल्या एकेका माणसाचं सांगायची. टोपाबद्दल मात्र एका शब्दानेही बोलली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, भांडण मला जमतं.

ती गेल्यापासून बायको दर रविवारी तिखलं करते. “काय कमी आहे ते एकदा नीट सांगा, म्हणजे तसं करते,” म्हणते. मी घास तोंडात धरून बसतो. तिरफळं आहेत, आंबटही बरोबर आहे. आईचं कसं लागायचं, ते मला आठवत नाही. गेली कित्येक वर्षं मी फक्त स्टीलच्या भांड्यात शिजवलेलं खातोय आणि तरीही माझीच आठवण गेलीय. हे कसं झालं, ते त्या पेपरवाल्यांनी मला छापून सांगावं. पूर्ण सांगावं, आणि या वेळी जाहिरात दुसरीकडे लावावी.