कुणाचं सांगणं खरं

“आपको ऐसा लगा होगा,” सर म्हणाले. मागची पोरं हसली.

लखनौमध्ये मी तत्त्वज्ञानात एम.ए. करत होते. वर्गात शब्दप्रमाण चाललं होतं. विश्वासू माणसाचं सांगणं हेही ज्ञानच असतं, असं सर शिकवत होते. उदाहरण मागितलं, म्हणून मी उभी राहिले.

बाबा रिटायर होणार होते. आलमबागचं क्वार्टर सोडायचं होतं. आम्ही दोघं गोमती नगरात फ्लॅट बघायला गेलो. मालकीणबाईंनी चहा दिला. आमच्या मराठी आडनावावरून जात काही त्यांना उमगली नाही. मग बाबांनीच विचारलं, पौर्णिमेला घरी बुद्धवंदना असते, चार माणसं येतात, चालेल ना? बाई म्हणाल्या, “अच्छा... फ्लैट तो कल ही उठ गया।” भाड्यानं गेला म्हणे, आणि किल्ली त्यांच्या हातातच होती.

हे मी सांगितलं, त्यावर सरांचं ते ‘लगा होगा’. सरांकडे मला एम.ए.चा प्रबंधही यावरच करायचा होता, कुणाचं सांगणं खरं मानतात.

सरांनी गोमती नगरातल्या एका मुलाला विचारलं, “आपके यहाँ ऐसा होता है?”

“नहीं सर, मैंने तो कभी नहीं देखा।”

झालं. त्यानं न पाहिलेलं ज्ञान ठरलं. मी पाहिलेलं नुसतं वाटणं.

“पिताजी साथ थे न? उनसे पूछिए। फिर विषय देखेंगे।”

घरी बाबा मटार सोलत बसले होते. मी विचारलं, त्या बाईनं बुद्धवंदनेचं ऐकूनच नाही म्हटलं ना? त्यांनी पुढची शेंग उचलली.

“जाऊ दे नं बाई. तुले वाटलं असन.”

मान वर केली नाही. त्या फ्लॅटच्या जिन्यावरून उतरताना त्यांची पायरी चुकली होती. मीच हात धरला होता. वर्गात डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, इथे मोरीत जाऊन ढसाढसा रडले. बाबांचा राग नाही आला. ऑफिसात जन्मभर मूग गिळून राहिले, आता मलाही तेच शिकवत होते. माझ्या भल्यासाठीच.

पुढच्या तासाला सरांनी विचारलं, “क्या बोले पिताजी?”

“बोले, मुझे लगा होगा।”

“देखिए।”

“वो भी जानते हैं सर। मैं भी। इसी पर लिखूँगी।”

“तो मैं गाइड नहीं करूँगा।”

“मत कीजिए।”

मी खाली बसले नाही.

अजून गाईड मिळालेला नाही. नापास केलं तर याच विषयावर पुन्हा बसेन. आणि बाबा गप्प का राहिले, ते पहिल्याच पानावर लिहीन. त्यांना वाईट वाटेल. तरी लिहीन.