धोट्यातली तार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी मॅट्रिकला केलेली कॉपीसुद्धा सांगून टाकली होती.

माणसं काम कशी शिकतात, याचा अभ्यास करण्यात माझी उभी हयात गेली. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी म्हणालं, कामगारांना चित्रांतून शिकवणारे हे पहिले. मी हात जोडले आणि हार घालून घेतला. तेव्हाच बोलायला हवं होतं का? बोललो नाही, एवढं खरं. जिथलं आठवायला अजून बरं वाटतं, तिथून सुरुवात करतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी दादरच्या एका कारकुनाचा मुलगा, संशोधन संस्थेत नुकताच चिकटलेला. परळच्या एका गिरणीने आम्हाला एक रिकामी खोली दिली होती. भिंतीवर घरून आणलेली चादर, काचेच्या पट्ट्यांवर मी शाईने काढलेली चित्रं, मागे दिवा आणि समोर मांडी घालून बसलेले शिकाऊ विणकर. पट्टी उलटी लागली की साचा – म्हणजे माग – छताला लटकायचा आणि सगळे खो खो हसायचे. मला ‘मास्तर’ म्हणायचे. बाहेर मोर्चाच्या घोषणा ऐकू आल्या की वर्ग आपोआप सुटायचा. मीही त्यांच्याबरोबर लालबागपर्यंत चालत जायचो, घसा बसेपर्यंत ओरडायचो. घरी आई हळदीचं दूध द्यायची. इतका आनंद मला पुढे कुठल्याही परिषदेत झाला नाही.

त्या वर्गात दौलत होता. घोडपदेवच्या चाळीतला. आदल्याच वर्षी घरच्यांनी बौद्ध धम्म घेतलेला. वडील सूत कातण्याच्या खात्यात होते, आजोबाही तिथेच. त्यांच्या समाजातल्या माणसाला विणकामाच्या खात्यात कुणी घेत नसे. पगार तिथे बरा, पण दार बंद. का?

त्याचं कारण धोटा – मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा बारीक भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचाच. बाकीचं तुम्हाला कळलं असेल. मलाही कळत होतं. तरी मी दौलतचं नाव यादीत घातलं होतं आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती.

प्रत्यक्ष साच्यावर शिकवायला परबमामा होते. मालवणकडचे, देवमाणूस. विणकाम खात्यात घेण्याची परीक्षा तोंडावर आली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. खाली बघत म्हणाले, “मास्तरानु, धोटो तोंडाक लावचो लागता. माझा काय म्हणणा नाय, पण लोक साचे बंद करतले.”

मी हे दौलतला सांगितलं नाही. पण त्याला सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो खिशातून एक तार काढून माझ्यासमोर उभा राहिला. बारीक तार, टोक आकडीसारखं वळवलेलं. ती त्याने धोट्याच्या भोकातून आत घातली, धागा पकडला आणि बाहेर ओढला.

“तोंड लावायलाच नको, मास्तर,” तो म्हणाला. “कुणीच नको.”

एवढं सोपं होतं! ती तार मी परबमामांना दाखवू शकत होतो, गिरणीच्या साहेबांना दाखवू शकत होतो. मी म्हणालो, बघू. आणि तार माझ्याकडे ठेवून घेतली.

परीक्षा झाली. साचे बंद पडले असते तर माझा प्रयोग बंद पडला असता – पहिला प्रयोग, पहिली नोकरी. मी अहवालात दौलतच्या नावापुढे लिहिलं, हाताला वेग नाही, विणकामास अयोग्य. पाच शब्द. शाई वाळायला कितीसा वेळ लागतो?

तो विचारायला आला. आवाज चढवला नाही. “मास्तर, माझ्या हाताला वेग नाही, हे तुम्ही घड्याळ लावून बघितलंत?”

मी म्हणालो, हो. तो गेला – वडिलांच्याच खात्यात.

त्यानंतर काही दिवसांनी शिवाजी पार्कवर सभा होती. मैदान फुललेलं. गर्दीत जागा शोधत होतो, तर पुढ्यातच परबमामा आणि चार माणसं सोडून दौलत, अंथरलेल्या वर्तमानपत्रावर बसलेला. त्याने मला पाहिलं. मी पळ काढणार होतो. तो सरकला, अर्धा कागद मोकळा केला आणि म्हणाला, “बसा, मास्तर.” मी बसलो. मग आम्ही सगळे एका आवाजात ओरडलो – मुंबई आमची. परबमामा, दौलत आणि मी. माझा आवाज बहुधा सगळ्यांत मोठा होता.

पुढे मुंबई मिळाली. मला बढती मिळाली, प्रशिक्षण केंद्र मिळालं. कापसाची धूळ तोंडात जाते म्हणून धोट्याला तोंड लावू नये, असा एक धडा मी तयार केला. त्यातली तारेच्या चित्राची पट्टी फार गाजली. कल्पना कुणाची, असं विचारलं की मी म्हणायचो, काम करता करता सुचली. कुणाला, ते कधी सांगितलं नाही.

दौलतचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. घोडपदेव माझ्या केंद्रापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होतं.

तार अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. परीक्षेचा मूळ कागदही आहे, पेन्सिलीने लिहिलेला. घड्याळ मी खरंच लावलं होतं. दौलतचं काम सगळ्यांच्या आधी झालं होतं.