कुंपणावरच्या गोधड्या
ओल्या गोधडीचा आणि धुण्याच्या सोड्याचा वास आला, की मला नदीच्या वाटेवरचं ते तारेचं कुंपण आठवतं. इंद्रायणीकाठच्या आमच्या गावात नवरात्राआधी घरोघरच्या गोधड्या एकाच दिवशी नदीवर धुवायची रीत. माझ्या लग्नानंतरच्या वर्षी एका कंपनीनं वाटेवर कुंपण घातलं आणि फाटकाशी वॉचमन बसवला. "मावशी, आत जायचं नाही, साहेबांची ऑर्डर आहे," तो म्हणाला. डोक्यावर गाठोडी घेऊन आम्ही बायका उन्हात उभ्या. माझ्या सासूबाईंनी गाठोडं त्याच्या पायाशी आदळलं. "नदी काय तुझ्या सायबानं खणली व्हय रं? गोधड्या धुतल्याबिगर आमच्यात घट बसत न्हाई. लाव फोन, सांग त्याला, बायका आत गेल्या." तो मोबाइल चाचपेपर्यंत आम्ही फाटक ढकलून काठावर पोचलोही. दुपारी साहेब गाडीतून उतरले, तेव्हा त्यांच्या कुंपणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आमच्या गोधड्या वाळत होत्या. "काढा हे सगळं!" ते ओरडले. सासूबाई सावलीत बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "वाळल्या की काढतो." आता सासूबाई नाहीत, आणि नदीला फेस येतो म्हणून मी गोधड्या घरी नळावर धुते, पण वाळत घालायला त्याच कुंपणावर नेते, आणि नव्या वॉचमननं हटकलं, की तेच उत्तर देते.