पलीकडल्या माळ्यावरची हाळी

आसेगावचे गुलाबराव न्यूझीलंडला राजपालकडे गेले. दोघांचं पोरपण शेजारच्या वावरांत, ज्वारीतल्या माळ्यावर बसून पाखरं हाकलण्यात गेलेलं. एकानं हाळी दिली, की दुसऱ्यानं आपल्या माळ्यावरून द्यायचीच.

राजपालनं त्यांना समुद्रावर नेलं. खडकांवर सील लोळत होते आणि वाळूवर पाखरांचे थवेच्या थवे उतरले होते. एवढी पाखरं अन् हाकलायला कोणीच नाही! गुलाबरावांना राहवलं नाही.

"हाऽऽ हुर्रर्र!"

थवा भर्रकन उठला. गुलाबराव सवयीनं कान देऊन थांबले.

"हळू ना बे," राजपाल ओशाळून पुटपुटला, "लोक पाहून राह्यले."

पाखरं गिरकी घेऊन परत वाळूवर बसली. पूर्वी पलीकडच्या वावरातून येणारी हाळी आज हातभर अंतरावरून आली नाही.