एक मध्यमवयीन खेळाडू

२०१० च्या मार्चमध्ये मालवणजवळच्या एका देवळात मी नारळावर हात ठेवून दोन वाक्ये बोललो. दोन्ही खरी होती. त्यांनीच मी वाडीतल्या रसिकाला फसवले. हे आजवर कुणाला सांगितलेले नाही – बायकोलाही नाही.

आधी लेख. मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. संगणकावर पैसे लावून पोकर खेळायला राज्याने परवाना द्यावा का, यावर संपादकांना पानभर मजकूर हवा होता. "दोन्ही बाजू, समान शब्द. तू न्यायाधीश नाहीस," ते म्हणाले. समान शब्द! जणू सगळ्या गोष्टींना दोनच बाजू असतात, आणि त्याही सारख्या वजनाच्या.

बाजूने लिहिणे सोपे होते. लोक खेळतातच, पैसा परदेशी कंपन्यांकडे जातो. परवाना आला तर वय तपासले जाईल, मर्यादा घालता येईल, फसवणूक झाली तर तक्रारीला जागा असेल, राज्याला कर मिळेल. शेजारी गोव्यात बोटींवर कॅसिनो उघड चालतात, मग आपले सोवळे कशासाठी? विरोधातही सोपे होते. ज्याला खेळातून कर मिळतो, तो खेळाला मर्यादा कशाला घालेल? आमच्या जत्रेत देवळामागे पत्त्यांच्या जुगाराचा पट बसतो, पोलीस पाठ फिरवून उभे असतात – पण दशावतार संपला, उजाडले, की पट उठतो. घरातल्या संगणकावरचा पट कोण उठवणार?

विरोधाचा रकाना जड होऊ लागला. दुसऱ्या रकान्यात एक जिवंत माणूस हवा होता आणि बोलायला कुणी तयार नव्हते. मग मी लिहिले : 'एक मध्यमवयीन खेळाडू सांगतात, गेले वर्षभर मी खेळतो. डोके शाबूत ठेवले तर तोटा होत नाही.'

तो खेळाडू मी होतो. वर्षभर खेळत होतो, हे खरे. तोटा होत नाही – हे खोटे. मी हरतच होतो. का लिहिले? रकाना भरायचा होता म्हणून? की छापून आले तर मलाही पटेल म्हणून? शोधायला बसलो की स्वतःचाच वैताग येतो.

विलास आमच्याच वाडीतला. जहाजावरची नोकरी सोडून परतला होता. पर्यटकांना किल्ल्यावर नेणारी होडी त्याने घेतली, कागद बायकोच्या, रसिकाच्या नावावर केले. पोकर तो जहाजावर शिकला होता. आता घरी बसून हरत होता, आणि होडी विकून 'डोके शाबूत ठेवून' खेळायचे म्हणत होता. शब्द माझे होते. लेखाचे कात्रण त्याच्या खिशात असे.

"जत्रेत पटार बसलेला चालता, कॉम्प्युटरार बसलेला चालत नाय?" तो माझ्यासमोर तिला म्हणाला. "सरकार उद्या परवानो देतला, आणि तू आजच नको म्हणतंस!"

"मगे सरकाराकच सांग, चूल पेटवूक," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, ह्यो पेपरातलो मनीस खरो आसा, की तुमी रचलास?"

"नाव सांगता येत नाही, वहिनी. पत्रकारितेचा नियम आहे."

"नाव कोणाक होया? देवळात येवा. नारळार हात ठेवन सांगा, तो आसा म्हणान. मगे मी सही करतंय."

आमच्याकडे वाद असा मिटतो – बांधाचा असो की चोरीचा. देवासमोर नारळ ठेवायचा, त्यावर हात ठेवून बोलायचे. त्यानंतर कुणी पुन्हा विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. वाटेत शब्द घासूनपुसून घेतले, बातमीचा पहिला परिच्छेद घासावा तसे. गुरवाने नारळ ठेवला. मी म्हणालो, "तो माणूस खरा आहे. मी त्याला ओळखतो." देवासमोर सगळे मालवणीत बोलतात, मी कचेरीत बोलावे तसा बोललो. गुरवाने एकदा वर पाहिले. रसिकाने हात जोडले.

तो हरतो का, हे तिने विचारले नव्हते – असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. तिला काय विचारायचे होते, हे मला कळत नव्हते का?

परवान्याचा विषय निघाला की लोक अजूनही माझे मत विचारतात. मी चिडतो. परवाना असता तर माझ्या हरण्याची नोंद कुठेतरी राहिली असती. कडक बंदी असती तर विलासला खेळताच आले नसते. दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत आणि दोन्ही मी सबब म्हणून वापरून पाहिले आहेत. पण त्या सकाळी देवळात कायदा बोलला नव्हता.

होडी एप्रिलमध्ये मिठबावच्या एका माणसाने घेतली. पाऊस सुरू व्हायच्या आत ते पैसे खेळात गेले. विलास पुन्हा जहाजावर लागला. रसिका आता बाजारात मासे विकते. विक्रीच्या कागदावर तिची सही आहे. खाली साक्षीदार म्हणून माझी.